परभणीत दोन जुन्या बाउलर हॅट: माप, तडा, कसर आणि उन्हाळा

दुधनाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. दोन काळ्या बाउलर हॅट संग्रहात आल्या आहेत. दोन्ही कडक, गोल क्राउनच्या (म्हणजे वरचा घुमट), काठ म्हणजे ब्रिम वर वळलेला. हात लावायच्या आधी जाणकारांना विचारावं म्हणलं.

पहिली (तिला अ म्हणू): आतल्या चामडी पट्टीवर लंडनच्या दुकानाचा सोनेरी ठसा, पत्त्यात एस.डब्ल्यू.१. साईझचं कागदी तिकीट ७ चं. पण पट्टी आकसून मागच्या शिवणीवर फाटली आहे, आणि आतून टेप लावला तर ५५.५ सेमीच भरतं. क्राउनवर डाव्या बाजूला ३ सेमीचा पोचा, तडा नाही.

दुसरी (ब): ठसा पूर्ण पुसलेला, पट्टी शाबूत, आतला घेर ५९.५ सेमी. समोरच्या ब्रिमला काठापासून आत २ सेमीचा तडा. रिबन जरा उचलली तर खाली वाळूसारखे काळे कण आणि खाल्लेले दोन गोल चट्टे.

माझ्या डोक्याचं माप ५८. डिसेंबरात एका लग्नाला एक तरी घालायची इच्छा आहे. आणि पुढच्या मे महिन्यात, ४३ अंशात, या ठेवायच्या कशा? माप, तडा, पोचा, कसर, सगळ्यावरच सांगा.


खडकी_फेल्ट (छत्रपती संभाजीनगर)

आधी या हॅटचा कडकपणा येतो कुठून ते पाहू, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. सशाचे केस दाबून केलेल्या फेल्टमध्ये चपडा मुरवलेला असतो, तोच आपला फर्निचर पॉलिशचा लाखेचा चपडा. १८४९ मध्ये लंडनच्या लॉक अँड कंपनीकडे एडवर्ड कोक यांनी ही हॅट मागवली ती शिकारी राखणदारांसाठी. झाडाच्या फांद्या लागून उंच टोप्या पडायच्या, म्हणून बुटकी आणि कडक. बनवून दिली थॉमस आणि विल्यम बाउलर यांनी. नवी असताना ती मार खाण्यासाठीच होती. पण चपडा वर्षानुवर्षं सुकत जातो आणि ठिसूळ होतो. त्यामुळे आजच्या घडीला तिला काचेइतकंच जपायचं.

चपड्याचे तीन गुण पाठ करा. साधारण ६५ ते ७५ अंशांना तो मऊ पडतो. स्पिरिटमध्ये विरघळतो. थंड असताना वाकवला तर तडकतो. म्हणजे सॅनिटायझर, अत्तराचा फवारा, स्पिरिटने पुसणं, हे सगळं बंद. एक थेंब पडला तरी चपडा वर येऊन पांढरट चकाकी धरतो आणि तो डाग मग हलत नाही.

आता माप. ब्रिटिश ७ म्हणजे साधारण ५७ सेमी, ६ ७/८ म्हणजे ५६, ७ १/८ म्हणजे ५८. अमेरिकन हॅट असेल तर त्याच डोक्याला आकडा १/८ ने मोठा लिहितात, म्हणून तिकिटापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. तुमची अ मुळात ५७ ची आहे. पट्टी बदलली तरी ती ५७ च्या वर जाणार नाही. लाकडी स्क्रूच्या ताणणीवर चढवून १ सेमी वाढवायचा मोह होईल. करू नका बरं. मऊ फेडोरा ताणली जाते, बाउलर उभी फाटते, आणि ती फाटते नेमकी ब्रिम आणि क्राउन जुळतात त्या घडीवर. अ संग्रहात ठेवा, ब घाला.

ब तुम्हाला दीड सेमी सैल आहे. पट्टीच्या मागे पूर्ण घेरात २ मिमी जाडीची फेल्टची किंवा फोमची पट्टी सरकवली की आतला घेर सव्वा सेंटीमीटरने कमी होतो. गणित साधं आहे: जाडी गुणिले ६.२८. उरलेला पाव सेमी असू द्या, डोक्याला तेवढी हवा लागतेच. ही पट्टी गोंदाने चिकटवू नका, नुसती चामड्यामागे बसवा, उंची २ सेमी पुरे. चामड्याच्या वर डोकावली तर कपाळावर वळ उठतो.

घेर जुळला म्हणजे हॅट बसली असं नाही. कडक हॅट डोक्याचा आकार घेत नाही. स्टेशनरीत मिळणारी लवचिक वक्रपट्टी डोक्याभोवती गुंडाळा, कागदावर ठेवून रेघ मारा, आणि हॅटच्या आतल्या आकाराशी ताडून बघा. डोकं लांबट आणि हॅट गोल असेल तर कपाळावर टोचते आणि कानांवर फट राहते. मग भर पूर्ण घेरात न घालता फक्त दोन्ही बाजूंना घाला. जुने टोपीवाले हॅट गरम करून आकार बदलत, पण ते काम हाताखाली शेकडो हॅट गेलेल्या माणसाचं आहे.


छावणी_हिंगोली

ठशाबद्दल. लंडनच्या पत्त्यात एस.डब्ल्यू. नंतर १ हा आकडा आहे ना? टपाल विभागांना असे आकडे १९१७ पासून लागले. त्याआधी नुसतं एस.डब्ल्यू. असायचं. म्हणजे अ १९१७ च्या आधीची नाही, हे पक्कं. मात्र तो ठसा दुकानाचा आहे. हॅट तयार झाली ती बहुधा दुसरीकडेच, कारण इंग्लंडातलं टोपीचं मोठं काम स्टॉकपोर्ट आणि डेंटन भागात चालायचं. पट्टी काढाल तेव्हा तिच्या मागे बघा, तिथे कधी कारखान्याचं दुसरं तिकीट, कधी पेन्सिलने लिहिलेला आकडा सापडतो. क्राउनची उंची बघून साल सांगणाऱ्या विक्रेत्यांकडे लक्ष देऊ नका.

आपल्या भागात अशा हॅट निघतात याचं नवल वाटायला नको. हैदराबाद कॉन्टिन्जंटची (निजामाच्या खर्चाचं, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालचं दल) ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती, १९०३ मध्ये ते दल ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत. पण एवढ्यावरून "छावणीतल्या साहेबाची हॅट" म्हणून कुणी दुप्पट भाव सांगत असेल तर कागद मागा. नाव कोरलेला डबा, पत्र, फोटो, काहीतरी हवं. निजामी अमलातल्या जुन्या घरांतून खरं तर रुमी टोप्या (गोंड्याच्या तुर्की टोप्या) जास्त निघतात. त्यांची ठेवण्याची पद्धत वेगळी, बाउलरचे नियम त्यांना लावू नका.

आणखी एक, हे हलक्यात घेऊ नका. जुन्या काळी सशाचे केस फेल्टसाठी तयार करताना पाऱ्याचा क्षार वापरत. अमेरिकेत हे १९४१ मध्ये बंद झालं. संग्रहालयांतल्या जुन्या फेल्ट हॅटमध्ये आजही पारा सापडतो. अ त्या काळातली असू शकते, ब चं साल माहीतच नाही. म्हणून साफ करताना नायट्राइलचे हातमोजे घाला, काम उघड्या व्हरांड्यात करा, वाफ द्यायची तर स्वयंपाकघरात अजिबात नको, आणि घरातल्या लेकरांना खेळायला देऊ नका. घालताना उघडं फेल्ट कातडीला लागू नये. अस्तर आणि चामडी पट्टी शाबूत असेल तरच घाला, तेही तास-दोन तास.


चामडं_दोरा (लातूर)

अ च्या पट्टीवर मी लिहितो.

चामडं आकसलं की ते फेल्टलाही आत ओढतं. तुम्हाला ५७ ऐवजी ५५.५ मिळतंय ते त्यामुळेच. आधी शिवण उसवून ताण मोकळा करा. लहान कात्रीने एकेक टाका कापायचा, ओढायचा नाही. टाके ब्रिमच्या घडीवर असतात आणि बाहेरून रिबनखाली लपलेले असतात, म्हणून रिबनची खालची कड आधी मोकळी करावी लागेल. रिबन किती टाक्यांनी कुठे अडकवली आहे त्याचा फोटो काढून ठेवा. बो डाव्या बाजूला येतो.

पट्टी बोटाने चोळून बघा. लालसर भुकटी बोटाला लागली तर चामडं आतून कुजलं आहे. त्याला तेल, व्हॅसलीन, बूटपॉलिश काहीच लावू नका. ते काळं पडतं आणि आणखी लवकर तुटतं. क्लूसेल जी नावाची पावडर अल्कोहोलमध्ये मिसळून अशा चामड्याला स्थिर करतात, पण वर सांगितलंय तसं अल्कोहोल चपड्याचा वैरी. म्हणजे हा उपाय पट्टी हॅटपासून पूर्ण सुटी केल्यावर, दुसऱ्या टेबलावर. भुकटी लागत नसेल आणि चामडं नुसतं कोरडं असेल तर त्याला काहीच करू नका.

नवी पट्टी घालायची तर मेंढीचं पातळ, वनस्पतींनी कमावलेलं चामडं घ्या, जाडी ०.६ ते ०.८ मिमी, रुंदी ५ सेमी. क्रोमने कमावलेलं स्वस्त मिळतं पण ते फार लवचिक, कडक हॅटमध्ये घडी धरत नाही. लांबी जुन्या पट्टीवरून मोजू नका, ती आकसलेली आहे. पट्टी काढल्यावर उघड्या फेल्टचा आतला घेर मोजा आणि तेवढीच कापा. दोन टोकं मागे एकमेकांना भिडवायची, एकावर एक चढवायची नाहीत, नाहीतर मानेवर गाठ येते.

शिवताना वाकडी सुई, मेण लावलेला सुती दोरा, आणि फेल्टमधली जुनीच भोकं. नवी भोकं पाडली तर जुन्या-नव्या भोकांची ओळ तयार होते आणि ठिसूळ फेल्ट त्या ओळीवर तिकिटासारखं फाटतं. टाका घट्ट आवळू नका, दोरा फेल्टला टेकला की पुरे.

सोनेरी ठशाचा तुकडा फेकू नका. लिफाफ्यात घालून हॅटच्या डब्यातच ठेवा, ओळख त्याच्यावरच आहे.


खडकी_फेल्ट

पोच्याचं राहिलं. अंगठ्याने आतून ढकलला की कट्ट आवाज येऊन तडा जातो, म्हणून आधी ऊब. वर पाऱ्याचं लिहिलंय, तेव्हा अंगणात, हातमोजे घालून. अस्तर खालून सोडवा, चामडी पट्टी काढलेलीच असेल (राहिली असेल तर बाहेर उलटवा, वाफेत जुनं चामडं झटकन आकसतं). किटलीच्या वाफेवर पोचा आतल्या बाजूने, १५ सेमी अंतरावर, २०-३० सेकंद धरा आणि बोटाने चाचपा. फेल्ट किंचित लवायला लागलं की लाकडी पळीच्या गोल पाठीने हळू दाबत पोचा बाहेर आणा आणि गार होईस्तोवर, चांगली ५ मिनिटं, तसंच धरून ठेवा. मध्येच सोडलं तर पोचा परत आत जातो. तिसऱ्या वेळेला नाही निघाला तर थांबा. जास्त वाफेने क्राउनवर फोडासारखे उंचवटे येतात, आणि पोच्यापेक्षा ते वाईट दिसतात.

तडा. क्राउनचा तडा आतून पातळ मलमलीचा तुकडा चपड्याने चिकटवून लपवता येतो. ब्रिमला मागची बाजू लपत नाही, म्हणून तड्याच्या आतच काम करायचं. मेण काढलेला चपडा २० ग्रॅम, पॉलिशचा स्पिरिट १०० मिली, काचेच्या बाटलीत रात्रभर. सकाळी मलमलीतून गाळा. हे मिश्रण सहा महिन्यांच्या वर ठेवू नका, जुनं झालं की ते कडक वाळतच नाही, चिकट राहतं. स्पिरिटमध्ये विरघळणारा काळा रंग चिमूटभर टाका. शून्य नंबरच्या ब्रशने ब्रिमच्या खालच्या बाजूने फक्त तड्यात सोडा, कडेला पसरू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंना बेकिंगचा सिलिकॉन कागद लावून कपड्यांचे दोन लाकडी चिमटे हलके बसवा, २४ तास. तड्याचं आतलं टोक पुढे सरकू नये एवढाच या कामाचा हेतू. रेघ दिसणार, दिसू द्या.


मोंढा_नांदेड

तड्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. २ सेमीचा तडा काठाच्या पट्टीने धरलेला असेल आणि हॅट फक्त ठेवायची असेल तर हात लावू नये. पण दुधनाकाठ ती घालणार आहेत, आणि हॅट काढताना माणूस समोरचा ब्रिमच धरतो, म्हणून इथे दुरुस्ती बरोबर. दुरुस्तीनंतरही काढताना दोन्ही हातांनी बाजूंचा काठ धरा.

पण त्याच्याही आधी कसर. वाळूसारखे कण म्हणजे अळीची विष्ठा, ती खाल्लेल्या फेल्टच्याच रंगाची असते. रेशमी नळी दिसली तर कपड्यांच्या पतंगाची अळी, तपकिरी केसाळ साल दिसली तर गालिचाच्या भुंग्याची. उपाय दोन्हीला एकच: गारठा. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, हवा दाबून काढा (हॅट दाबू नका), सीलबंद करा, उणे १८ अंशाला १४ दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार फेल्टवर दव धरतं. मग अंगणात मऊ ब्रशने कण झाडून घ्या. अ मध्ये कसर दिसत नसली तरी तीही सोबत घाला, अंडी दिसत नाहीत.

ऊन देऊन कसर मारायची आपली जुनी रीत गाद्या-लोकरीला ठीक. किडे मरायला ५५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि काळं फेल्ट मेच्या उन्हात त्याच्याही पुढे जाऊन चपडा मऊ पडतो. काठ लोंबला की मूळ वळण परत येत नाही. शिवाय काळा रंग उन्हाने तपकिरी-हिरवट होतो.

डांबर गोळ्या मला पसंत नाहीत. बंद डब्यात वास फेल्टमध्ये मुरतो आणि डोक्यावर घेतली की तोच वास नाकात. कडुनिंबाचा पाला वाळवून डब्याबाहेर ठेवलात तर हरकत नाही, पण किडा मारण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.


दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. आमच्याकडे एकदाराचा फ्रीज आहे आणि भारनियमन आहे. आणि पाऱ्याचं वाचल्यावर खाण्याच्या फ्रीजात हॅट ठेवणं पटत नाही.


मोंढा_नांदेड

अगदी योग्य. खाण्याच्या फ्रीजात ठेवू नकाच. एकदाराच्या फ्रीजचा वरचा कप्पा बहुतेक वेळा उणे १८ पर्यंत पोचत नाही, आणि हॅट मावतही नाही. आइस्क्रीमवाल्याकडचा, आता खाण्याच्या वस्तूंसाठी वापरात नसलेला छोटा डीप फ्रीझर महिनाभर भाड्याने मिळतो का बघा, आत थर्मामीटर ठेवा. झाकण उघडलं नाही तर दोन-तीन तासांची वीज गेलेली चालते. थर्मामीटर उणे १० च्या वर आला तर मात्र १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. हळूहळू गार आणि परत कोमट झालं की अळी थंडीला सरावते.


खडकी_फेल्ट

ठेवण्याचं सांगतो. बाउलरचा ब्रिम पुढे-मागे खाली झुकलेला असतो, म्हणून टेबलावर सरळ ठेवली की सगळं वजन त्या दोन टोकांवर येतं आणि वर्षभरात वळण बिघडतं. उलटी ठेवा, क्राउन खाली. क्राउनखाली मांजरपाटाची चुंबळ करून द्या, काठ कुठेही टेकता कामा नये. मांजरपाट आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा, खळीवर किडे येतात. आत वर्तमानपत्र कोंबू नका, त्या कागदातलं आम्ल आणि शाई दोन्ही उतरतात.

जागा: पत्र्याखालची खोली, माळा, बंद कार, तिन्ही नकोत. बंद कारमध्ये मेच्या दुपारी ६० च्या वर तापमान सहज जातं. घरातल्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. जुन्या लोखंडी ट्रंकेत ठेवाल तर गंजाचे डाग पडतात. पुठ्ठ्याचा डबा बरा, आतून धुतलेलं कापड लावून. पावसाळ्यात डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगी रंगाचं, हिरवं झालं की तव्यावर मंद आचेवर परत वाळवायचं. एक साधा हायग्रोमीटर ठेवा, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता उत्तम. उलट एप्रिल-मेमध्ये सिलिका काढून घ्या, आपली हवा तेव्हा एवढी कोरडी असते की चामडं तडकतं. कूलरची थेट झोतही नको.

रोजची निगा म्हणजे घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, काळ्यासाठी वेगळा. डाव्या बाजूपासून सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने, केसांच्या लवेबरोबर. धुळीचे डाग मेकअपच्या पांढऱ्या लेटेक्स स्पंजने कोरडेच टिपायचे.


चामडं_दोरा (लातूर)

डिसेंबरातल्या लग्नासाठी. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत. खोबरेल एकदा पट्टीत शिरलं की खवट होतं, चामडं काळवंडतं आणि तिथून फेल्टमध्ये उतरतं. कपाळाच्या बाजूला पट्टीच्या आत मलमलीची ३ सेमी रुंद घडी ठेवा आणि घरी आल्यावर काढून धुवा. हॅट सरळ बसवा, भुवयांच्या दोन बोटं वर. मागे ढकलली तर वजन मागच्या शिवणीवर येतं. क्राउनभोवती बारीक काळी दोरी आणि टोकाला बटण असेल तर ती वाऱ्यासाठी आहे, बटण कोटाच्या कॉलरच्या काजात अडकवायचं. दुचाकीवर जाताना हॅट डब्यात आणि डोक्यावर हेल्मेट.

फुलं, अक्षता चालतील. गुलाबपाणी शिंपडायला लागले की हॅट काढून हातात घ्या, त्याच्या फवाऱ्यात अत्तर आणि स्पिरिट असू शकतं. घामाने पट्टी ओली झाली तर घरी आल्यावर ती बाहेर उलटवून पंख्यापासून दूर रात्रभर वाळू द्या, आणि वाळल्यावरच डब्यात ठेवा.


छावणी_हिंगोली

ब ची पट्टी उलटवाल तेव्हा तिच्या मागचा आणि अस्तराखालचा फोटो इथे टाका. ठसा पुसला असला तरी तिरप्या उजेडात, टॉर्च आडवा धरून, दाबाच्या खुणा वाचता येतात. पुढच्या खरेदीत, मग ती मुंबईच्या चोर बाजारात असो की हैदराबादच्या जुमेरात बाजारात, पैसे देण्याआधी हेच बघा: पट्टी उलटवून, रिबनची कड उचलून, आणि अस्तर नसेल तर आत टॉर्च लावून. कसरीची भोकं उजेडात लगेच दिसतात.